एका खोलीत चार वर्ग कसे सांभाळायचे: नवीन लागलेल्या शिक्षकांसाठी

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून नवीन लागलेल्या शिक्षण सेवकांपैकी बऱ्याच जणांना वाडी-वस्ती-तांड्यावरची द्विशिक्षकी शाळा मिळते, आणि मग मला फोन येतात की मॅडम, पहिलीतलं लेकरू रडतंय, चौथीतला पोरगा खिडकीत चढतोय, मधल्या दोन वर्गांना काय दिलंय ते मलाच आठवत नाहीये, करू काय. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच काढते. मी बीड जिल्ह्यात एका तांड्यावरच्या शाळेत लागले तेव्हा पहिली ते चौथी मिळून २७ लेकरं होती, दोन खोल्या आणि आम्ही दोघं शिक्षक. कागदावर हे एकदम बरोबर आहे, शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असंच आहे. पण दोघं म्हणजे प्रत्येकी दोन वर्ग हा झाला हिशेब. सरांकडं मुख्याध्यापकाचा चार्ज, त्यांची मीटिंग निघाली, प्रशिक्षण लागलं, मतदारयादीचं, बीएलओचं काम आलं की चारही वर्ग माझ्याकडं, सहा वर्षांचं लेकरू आणि अकरा वर्षांचा पोरगा एकाच सतरंजीवर.

डीएडला आम्ही जे पाठ घेतले ते सगळे एका वर्गावर, एकाच वयाची तीस-चाळीस मुलं, पाठाचं टाचण काढलेलं, मागं निरीक्षक बसलेले. बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एकाच वेळी अनेक वर्गांना शिकवणं, परीक्षेपुरतं वाचलेलं. त्यामुळं मी पहिले दोन महिने जे केलं तेच बहुतेक नवीन लोक करतात, म्हणजे पहिलीला सांगायचं गिरवा, दुसरीला सांगायचं पान उतरवून काढा, तिसरीला पाढे लिहायला लावायचे आणि मग चौथीला शिकवायला उभं राहायचं. दहा मिनिटं चालतं हे. पाठ रंगात आला की पहिलीतलं एक येऊन ओढणी ओढतं, मॅडम झालं, त्याच्यामागं दुसरं, मॅडम यानं माझी पेन्सिल घेतली, तोवर दुसरीतल्या दोघांची कुस्ती सुरू झालेली असते, आणि तिसरीतली एक पोरगी तोच तिनाचा पाढा पाचव्यांदा लिहून गप बसलेली असते, तिच्याकडं तर कुणाचं लक्षच नसतं. संध्याकाळी घसा बसलेला आणि कुणालाच धड काही शिकवलं नाही ही टोचणी. त्या दिवसांत घरी येऊन मी रडलेय, खरं सांगते.

मग एका शनिवारी सकाळच्या शाळेत मी वही घेऊन फक्त एवढंच लिहीत गेले की गोंधळ कधी सुरू झाला आणि तेव्हा ते लेकरू काय करत होतं. नऊ वेळा लिहिलं. नऊच्या नऊ वेळा एकतर त्याच्या हाताला काम नव्हतं, नाहीतर दिलेलं काम त्याला येतच नव्हतं. वय लहान-मोठं आहे म्हणून काही बिघडलं असं एकदाही झालं नव्हतं. तेव्हापासून मी टाचण उलटं काढते. मी ज्यांच्याजवळ बसणार नाहीये त्यांचं काम आधी ठरवते, आणि ज्यांच्याजवळ बसणार आहे त्यांचा पाठ नंतर. नवीन माणसानं एवढी एक सवय लावून घ्यावी, पुढं जे सांगतेय ते सगळं हिच्याच भोवतीचं आहे.

पहिला आठवडा पुस्तक उघडू नका, एकेकाला जवळ घेऊन बसा

हजेरीपटावर चौथी लिहिलंय म्हणजे लेकरू चौथीतलं आहे असं धरून चालू नका. जॉइन झाल्यावर पहिले तीन-चार दिवस बाकीच्यांना चित्रं, खेळ, गोष्टी यात गुंतवून एकेका लेकराला पाच मिनिटं शेजारी बसवा आणि वाचून घ्या. एका कागदावर सुटी अक्षरं, दुसऱ्यावर सोपे शब्द, तिसऱ्यावर चार ओळींचा उतारा, चौथ्यावर छोटी गोष्ट. गावोगावी मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या असरच्या सर्व्हेत हीच उतरंड वापरतात आणि प्रथम संस्थेचं पातळीनुसार शिकवण्याचं सगळं काम ह्याच्यावरच उभं आहे. गणितात एक ते नऊ अंक, मग दोन अंकी संख्या, मग हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. लेकरू जिथं अडखळलं तिथं थांबायचं, शाबासकी द्यायची आणि वहीत लिहायचं. ओरडायचं नाही, चुकलं म्हणायचं नाही, कारण ही परीक्षा आहे असं एकदा वाटलं की उद्या ते तोंडच उघडणार नाही.

माझ्याकडं काय निघालं ते सांगते. चौथीतल्या सहापैकी दोघांना शब्दसुद्धा वाचता येत नव्हते, नुसती अक्षरं यायची, आणि दुसरीतली एक पोरगी गोष्ट घडाघडा वाचत होती कारण तिची मोठी बहीण घरी वाचायची आणि ही मांडीवर डोकं ठेवून ऐकायची. मी दोन महिने त्या दोघांना चौथीचं पुस्तक शिकवत होते. ते खिडकीत चढत होते ते उगाच नाही.

हे सगळं एका फुलस्केपवर येतं. लेकराचं नाव, भाषेची पायरी, गणिताची पायरी, तारीख. दर महिन्याला परत बघायचं आणि पुढं खूण करायची. हा कागद जपून ठेवा, मूल्यमापनाच्या नोंदी लिहिताना, पालकांशी बोलताना, अधिकारी आल्यावर, सगळीकडं कामाला येतो.

वर्ग चार असू द्या, गट तीनच करा

सकाळचे दोन तास, एक भाषेचा आणि एक गणिताचा, वर्ग विसरून पातळीप्रमाणे बसवा. तीन गटांच्या वर जाऊ नका, एका माणसाला चौथा गट झेपत नाही. आमच्या अंगणात आंबा, चिंच आणि लिंब आहेत म्हणून गटांना तीच नावं दिली. हुशार गट, कच्चा गट असं तोंडातून चुकूनसुद्धा जाऊ देऊ नका, लेकरं ते जन्मभर विसरत नाहीत. आणि एक करा, भाषेचे गट वेगळे आणि गणिताचे वेगळे ठेवा. चौथीतला जो पोरगा शब्दाला अडतो तोच आठवडी बाजारात बापाबरोबर बसून हिशेब शिकलेला असतो, गणितात तो सगळ्यात वरच्या गटात जातो आणि त्याची मान वर होते. आधी दहाच्या तासाला लाजून बसणारा पोरगा अकराला दुसऱ्याला समजावून सांगायला लागतो, हे मी माझ्या डोळ्यानं बघितलंय.

दुसरं म्हणजे सगळ्यांचा विषय एका वेळी एकच ठेवा. पहिलीला मराठी, दुसरीला गणित, तिसरीला परिसर असलं वेळापत्रक भिंतीवर छान दिसतं, पण तुमच्या डोक्याचा भुगा होतो. सगळ्यांची भाषा तर भाषाच.

एक तास कसा जातो ते डोळ्यासमोर यावं म्हणून आमचा पाण्याच्या विषयाचा दिवस सांगते. परिपाठ संपला की सगळी २७ लेकरं गोल बसली, दहा मिनिटं नुसत्या गप्पा, घरी पाणी कुठून येतं, कोण आणतं, टँकर कधी येतो. सगळी बोलली, पहिलीतली सुद्धा. मग गट. चिंच गट माझ्याजवळ, त्यांच्यासोबत शब्दपट्ट्या, पाणी, विहीर, घागर, नळ, दोर. लिंब गट जोडीनं शब्दडोंगर करायला, म्हणजे एक शब्द घ्यायचा आणि प्रत्येक ओळीला एक शब्द वाढवत न्यायचा. एका जोडीनं लिहिलं होतं, याडी म्हणजे आई,

पाणी
पाणी आणलं
याडीनं पाणी आणलं
याडीनं विहिरीवरून पाणी आणलं

आंबा गटाला एकच काम, टँकर आला नाही त्या दिवशी घरी काय झालं ते आठ-दहा ओळीत लिहा. वीस मिनिटांनी मी टाळी वाजवली, ठेका ठरलेला आहे, दोन सावकाश तीन भरभर, लेकरं तोच ठेका परत वाजवतात आणि आपोआप गप होतात. मग मी लिंब गटाकडं, चिंच गट मघाच्याच शब्दांची चित्रं काढायला, आंबा गट लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवायला. परत वीस मिनिटं आणि मी आंबा गटात. प्रत्येक लेकराला तासात वीस मिनिटं तरी मी पूर्ण मिळाले, आणि आधीच्या पद्धतीत काहींना दिवसभरात पाच मिनिटंही मिळत नव्हते.

पहिलीच्या लेकरांचं मात्र वीस मिनिटं जमत नाही हे लक्षात ठेवा. दहा मिनिटांनी काम बदला, उठवा, एक बडबडगीत घ्या, बाहेर एक चक्कर मारून आणा. आणि दुपारी झोपलं एखादं तर झोपू द्या.

हाताला काम म्हणजे नेमकं काय

सगळ्यात जास्त घोडं इथं अडतं, कारण गटात बसवलं पण करायला काही नाही तर परत तेच. उतरवून काढा हे काम नव्हे. चांगल्या स्वयंकामाची माझी परीक्षा साधी आहे, लेकराला मला न विचारता सुरू करता आलं पाहिजे, आणि झालं की बरोबर का चूक ते त्याचं त्याला कळलं पाहिजे. म्हणून मी पुठ्ठ्याची कार्डं करते, पुढच्या बाजूला गणित, मागच्या बाजूला उत्तर. शब्दपट्टीच्या मागं चित्र. जोडी लावायची कार्डं अशी कापायची की बरोबर जोडीच एकमेकात बसते.

सामानाला पैसा लागत नाही फारसा. बाटल्यांची झाकणं, त्यावर मार्करनं अंक. चिंचोके. आईस्क्रीमच्या काड्या, दहा-दहाच्या जुड्या रबर लावून, दशक एकक आणि हातचा ह्याच्याशिवाय मी शिकवतच नाही, कारण जुडी सोडल्याशिवाय हातचा म्हणजे काय हे लेकराला कळत नाही, त्याला वाटतं वर एक लिहायची ती पद्धत आहे. शाळेत गणित पेटी आलेली असेल तर कपाटातून बाहेर काढा, खराब होईल म्हणून कुलपात ठेवू नका. मागच्या वर्षीची पुस्तकं कापा, चित्रं मिळतात. ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदांच्या छोट्या वह्या शिवा. जमिनीवर ऑइलपेंटनं संख्यारेषा, अक्षरांची चौकट, शंभरपर्यंतचा तक्ता काढून घ्या, सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांचं बघायला राज्यभरातून शिक्षक जायचे ना, तिथून ही गोष्ट सगळीकडं पसरली आणि बहुवर्गाला तर ती वरदानच आहे, कारण लेकरं फरशीवर बसूनच काम करतात, आपली वाट बघत नाहीत.

आणि भिंतीला खालच्या बाजूनं लेकराच्या उंचीचा काळा पट्टा रंगवलेला असेल तर तो वाटून द्या, प्रत्येकाला दोन फूट, वर त्याचं नाव. नसेल रंगवलेला तर शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये विषय मांडा, एक डबा रंगाचं काम आहे, आमच्याकडं तर एका पालकानं स्वतः येऊन रंगवून दिला. त्या पट्ट्यावर उभं राहून तुम्हाला एका नजरेत सगळ्यांचं काम दिसतं, वह्या गोळा करायची गरज पडत नाही.

आंध्र प्रदेशात ऋषी व्हॅलीच्या लोकांनी आजूबाजूच्या छोट्या गावांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी अशीच कार्डांची शिडी बनवली होती, प्रत्येक मूल आपापल्या पायरीवर, कार्ड संपलं की पुढचं स्वतः उचलायचं. तेवढं मोठं काम एकट्यानं होत नाही, पण आठवड्याला दहा कार्डं झाली तरी वर्षात तीनशेच्या पुढं जातात. मी रविवारी संध्याकाळी तास-दीड तास बसते, माझी मुलगी रंगवायला मदत करते.

मोठ्या लेकरांकडून मदत घ्या, पण राखण करायला लावू नका

इथं माझी एक मोठी चूक झाली ती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. सर रजेवर, मी चौथीतल्या एका हुशार पोराला म्हटलं, दुसरीवर लक्ष ठेव रे. मी शेजारच्या खोलीत पहिलीजवळ. वीस मिनिटांनी आले तर हा पट्टी घेऊन उभा आणि दुसरीतली एक चिमुरडी हात काखेत दाबून रडतेय. मी त्याला रागावले, तो म्हणाला, मॅडम ती बोलत होती. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, त्यानं लक्ष ठेवणं म्हणजे काय ते मोठ्या माणसांकडून जसं बघितलं तसं केलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे, आणि माझ्या वर्गात ती माझ्याच सांगण्यानं झाली. त्या चिमुरडीच्या घरी मी स्वतः जाऊन तिच्या आईला सांगितलं.

तेव्हापासून लक्ष ठेव हा शब्द बंद. त्याऐवजी नेमकं काम. ह्या पाच पट्ट्या तिच्याकडून वाचून घे, तिला अडली ती बाजूला ठेव, मला दाखव. पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. दर सोमवारी गटप्रमुख बदलायचा, आणि सगळ्यांची पाळी आली पाहिजे, जो स्वतः अक्षरावर आहे त्याचीसुद्धा, त्याला पहिलीच्या लेकरांना मणी मोजायला शिकवू द्या. एकाच हुशार पोरीला वर्षभर बाई करून टाकू नका. तिचं स्वतःचं शिकायचं राहून जातं आणि घरीसुद्धा तिच्या काखेत धाकटं असतंच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांना कोसबाडला हेच दिसलं होतं की मोठी पोर शाळेत यायची तर धाकट्याला कुणीतरी सांभाळलं पाहिजे, म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. आमच्याकडंही तीन-चार वर्षांची दोन-तीन लेकरं बहिणीमागं येतात. त्यांना हाकलू नका, हाकललं की बहीण पण जाते. दाराजवळ एक चटई, थोडी झाकणं आणि खडू, बस.

चौथीतल्या दांडगट पोरांना खरं, गरजेचं काम द्या. टाकी भरली का बघणं, घंटा, परसबाग. आमच्याकडं रोजच्या आहाराचा हिशेब तीच करतात आणि हा मला आमच्या शाळेतला सगळ्यात चांगला गणिताचा तास वाटतो. दुसरीतली दोघं हजेरी मोजतात, मुली किती, मुलं किती. तिसरीतले बेरीज करतात. चौथीतले गुणाकार, पहिली ते पाचवीला मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ, आज २३ हजर, म्हणजे २३०० ग्रॅम, म्हणजे २ किलो ३०० ग्रॅम. मग ते स्वयंपाकाच्या मावशींसमोर काट्यावर मोजून देतात. एकदा एकानं २ किलो ३० ग्रॅम काढले, मावशी म्हणाल्या एवढ्यात भागायचं नाही रे बाबा, आणि तो परत गणित करायला पळाला. शून्याचं स्थान मी दहा वेळा शिकवून जे झालं नसतं ते त्या दिवशी झालं.

भाषा वेगळी असेल तर

तांड्यावर घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. माझं मराठी पहिलीच्या लेकरांना पुस्तकातलं वाटायचं. एक पोरगा आठ दिवस एक शब्द बोलला नव्हता, मी तक्त्यावरचं चित्र दाखवून विचारत होते, ही कोण, सांग बरं ही कोण. तो खाली बघायचा. शेवटी चौथीतली त्याची चुलत बहीण मागून म्हणाली, मॅडम, तो याडी म्हणतो. मी त्याच्याकडं बघून म्हटलं, याडी? त्यानं पहिल्यांदा वर बघितलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी त्या चित्राखाली आई आणि याडी दोन्ही लिहिलं, भाकरीखाली बाटी लिहिलं. मोठ्या लेकरांना विचारून शंभर-सव्वाशे शब्दांची यादी केली, अजून तीच वापरते. तुमच्याकडं अहिराणी असेल, कोरकू, वारली, भिल्ली, काहीही असू दे, पहिल्या महिन्यात हे करा. आणि इथं मिसळलेल्या वयांचा फायदाच आहे बघा, नुसती पहिली असती तर मला दुभाषी कुठून मिळाला असता.

एकट्याचा दिवस

दुसरे सर किंवा मॅडम आयत्या वेळी जातात, सकाळी साडेनऊला फोन येतो. त्या दिवशी पातळीचे गट आणि रोजचा पाठ ओढायचा प्रयत्न करू नका, तारेवरची कसरत होते आणि सगळंच हातचं जातं. त्यासाठी चार-पाच दिवसांची तयारी आधीच एका फाईलला लावून ठेवा. उदाहरणार्थ, तांड्याचा नकाशा. सगळी मिळून बाहेर, चौथीच्या लेकरांच्या हातात कागद, प्रत्येकासोबत पहिली-दुसरीचं एकेक. लहान घरं मोजतात, मोठी काढतात, तिसरी नावं लिहिते. परत आल्यावर खडूनं ओट्यावर मोठा नकाशा. दिवस जातो आणि परिसर अभ्यास, भाषा, मोजणी तिन्ही होतं. तसंच पानांचं प्रदर्शन, आजी-आजोबांची मुलाखत, खोटा बाजार.

जोडीदार शिक्षकाबरोबर वर्ग वाटून घेताना पहिली-दुसरी एकाकडं आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडं हीच वाटणी मला बरी वाटते, पण भाषेच्या तासाला एकानं सगळ्या वर्गांतली अक्षर-शब्दावरची लेकरं घ्यायची आणि दुसऱ्यानं उरलेली. आमच्या सरांना सुरुवातीला हे पटलं नाही, २२ वर्षांची नोकरी झालेली, माझं तेव्हा वयच तेवढं. मी वाद घातला नाही, एक महिना करून बघू म्हटलं आणि महिन्यानं तो फुलस्केप त्यांच्यापुढं ठेवला.

अधिकाऱ्यांचंही सांगते. गट सुरू केल्यावर दुसऱ्याच महिन्यात एक साहेब आले, सगळी लेकरं सतरंजीवर मिसळून बसलेली, ते म्हणाले चौथीचा वर्ग कुठाय, शाळा आहे का बाजार. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता कुणी आलं की मी आधी पायऱ्यांचा कागद हातात देते आणि म्हणते, कोणतंही लेकरू उठवा आणि वाचून घ्या. केंद्राच्या निपुण भारत मोहिमेतसुद्धा तिसरीपर्यंत वाचन आणि पायाभूत गणित आलंच पाहिजे हेच तर आहे, त्यामुळं पातळीनं बसवण्याला नियमाचा विरोध नाही, न घाबरता सांगा. दुपारनंतर मात्र आम्ही वर्गाप्रमाणेच बसतो, परिसर अभ्यास, चौथीचा शिवरायांचा इतिहास, तिसरीचा जिल्हा, हे त्या त्या वर्गाचं त्या त्या वर्गाला झालंच पाहिजे.

ऑनलाइन माहिती भरून द्यायचा त्रास आहे, ग्रुपवर तात्काळ म्हणून मेसेज पडतो आणि आपण लेकरं सोडून मोबाईलमध्ये तोंड घालतो. मी मोबाईल पर्समध्ये ठेवते, खिचडीच्या सुट्टीत एकदा आणि शाळा सुटल्यावर एकदा बघते. केंद्रप्रमुखांना तसं आधीच सांगून ठेवलंय, अजून तरी काही अडलं नाही. नोंदी रोज पाच लेकरांच्या, आठवड्यात सगळी होतात.

ऊसतोडीला जाणारी लेकरं

बीड, अहिल्यानगर भागातल्या शाळांवर असाल तर हे येणारच. दसरा-दिवाळीला मुकादमाची गाडी येते आणि पट निम्म्यावर. जी हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडं राहतात ती राहतात, त्यांच्यासाठी आजीच्या दारात चार-चार वेळा जा, पाया पडायची वेळ आली तरी जा. जी जातात त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं, आणि माझ्याकडून एक पिशवी देते, त्यात त्याच्या पायरीची वीस-पंचवीस कार्डं, काड्यांच्या जुड्या, दोन गोष्टींची पुस्तकं आणि वही. आई-बापाला समजावून सांगते की कोपीवर, म्हणजे तिकडच्या झोपडीत, रात्री फक्त एक गोष्ट वाचायला लावा, तुम्हाला येत नसलं तरी नुसतं ऐका.

पाडव्याच्या आसपास कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, परत यायला लागतात. लेकरू रापलेलं असतं, वाढलेलं असतं, आणि आपल्या वर्गातली पोरं पुढं गेली हे त्याला दारातच कळतं. त्या दिवशी पुस्तक देऊ नका. पहिल्या आठवड्यासारखंच शेजारी बसवा, त्याचा जुना कागद काढा, तारीख दाखवा, तू गेलास तेव्हा इथं होतास, आता वाच बरं. मागच्या वर्षी तिसरीतला एक पोरगा असाच आला. जाताना शब्दांवर होता. पिशवी मळून काळी झालेली, कार्डांच्या कडा झिजलेल्या, दोन कार्डं हरवली म्हणून रडवेला झालेला. उतारा ठेवला तर अडखळत का होईना चारही ओळी वाचल्या. मी म्हटलं, कुणी शिकवलं रे, तर म्हणाला, याडीला रोज वाचून दाखवत होतो. मी त्याच्या नावापुढं नवी तारीख टाकली आणि त्याला लिंब गटात बसवलं.